बाईंचा तास : तांदळात लिहिलेलं नाव



मागच्या आठवड्यात मी आमच्या चौथीच्या वर्गाला निबंध दिला होता, 'माझी आजी'. रात्री जेवणं आटोपल्यावर वह्यांचा गठ्ठा घेऊन तपासायला बसले. कुणाची आजी भुताच्या गोष्टी सांगते, कुणाची आजी मालिका बघताना रडते, तर कुणाची आजी डॉक्टरांनी बजावलं तरी गुपचूप लोणचं खाते. वाचता वाचता हसू येत होतं. मग एका वहीत वाक्य आलं, 'माझ्या आजीचे नाव आजी आहे.' पुढच्या वहीत पुन्हा तेच! तिच्या पुढच्या वहीत नावाची जागा कोरी. निम्म्याहून जास्त वह्यांत आजीला नावच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं, तर एक पठ्ठ्या उभा राहून म्हणाला, "बाई, आजीला नावाने हाक कोण मारतं? म्हणून माहीत नाही."

खरंच की! मला एकदम माझी मावशी आठवली, आणि तिच्याबरोबर मी पाहिलेलं इटलीतलं लग्न आठवलं. त्या दिवशी गणिताचा तास बाजूला ठेवून मी मुलांना ती गोष्ट सांगितली. आज तुम्हाला सांगते.

ही गोष्ट २०२३ सालच्या मे महिन्यातली. माझा मावसभाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, बरीच वर्षं इटलीत नोकरी करतो. तिथल्याच एका मुलीशी त्याचं लग्न ठरलं. मावशीचे यजमान आता नाहीत आणि एकटीने विमानात बसायला ती तयार नव्हती. मला म्हणाली, "तुला सुट्टी आहे, तुला इंग्रजी येतं, तू चल." माझं इंग्रजी चौथीला शिकवण्यापुरतं! पण तिकिटं दादा काढणार होता, मग मी कशाला नाही म्हणू?

इटलीला जायचं तर आधी व्हिसाचा अर्ज भरावा लागतो. मी मावशीचा अर्ज भरायला घेतला. पहिला प्रश्न, आडनाव. लिहिलं. दुसरा प्रश्न, जन्माच्या वेळचं आडनाव. तेही मला ठाऊक होतं, माझ्या आईचंच की ते. लिहिलं आणि पुढे सरकले. तेवढ्यात मावशी म्हणाली,

"आणि नाव? जन्माचं नाव नाही का विचारलं?"

"नाही गं. नुसतं आडनाव विचारलंय."

"बरं," ती म्हणाली. मग जरा वेळाने, "माझं तर नावही बदललं होतं."

मी पेन खाली ठेवलं. आजोळी सगळे तिला ताई म्हणत, सासरी वहिनी, आम्ही मावशी. तिचं माहेरचं नाव मी तोवर कधी ऐकलंच नव्हतं! तिने सांगितलं. छान नाव आहे. पण तिला विचारल्याशिवाय मी ते इथे छापत नाही.

गंमत बघा. हीच मावशी होणाऱ्या सुनेसाठी नवं नाव ठरवून बसली होती. आपल्याकडे पुष्कळ घरांत नवरी सासरी आली की ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीने त्यात तिचं नवं नाव लिहितो. तुम्ही कुणाच्या तरी लग्नात पाहिलं असेल. मावशीने त्यासाठी ठेवणीतली सोन्याची अंगठी बोटात घातली होती. सुनेला कुणी विचारलंय का, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण लग्नघरात वाद नको म्हणून गप्प बसले.

रोमला उतरून आम्ही बसने सुलमोना नावाच्या गावी गेलो. रोमच्या पूर्वेला अब्रुत्सो नावाचा डोंगराळ प्रांत आहे, त्यात हे गाव. चहूबाजूंनी डोंगर, मध्ये दरी. भर चौकात एका कवीचा पुतळा आहे. त्याचं नाव ओविड. लॅटिन भाषेतला हा मोठा कवी इसवी सनापूर्वी ४३ साली याच गावात जन्मला. गावच्या मुख्य रस्त्यालाही त्याचंच नाव दिलेलं आहे.

त्या रस्त्यावर जिकडे बघावं तिकडे फुलांची दुकानं. सूर्यफुलं, गुलाब, डेझी, सगळी रंगीबेरंगी आणि चकचकीत. जवळ गेलो तर काय, ती फुलं खाऊची! एकेक पाकळी म्हणजे साखरेत घोळवलेला बदाम. मावशीने एक पाकळी हातात घेतली, निरखली आणि ओरडलीच, "अगं, हा तर हलवा!"

मुलांनो, ती चुकली नव्हती बरं का! संक्रांतीला आजी हलवा कसा करते? मंद आचेवर परातीत तीळ घेते, त्यावर चमचा चमचा पाक सोडते आणि हाताने हलवत राहते. एकावर एक साखरेचे थर चढतात. सुलमोनात तिळाऐवजी बदाम घेतात आणि परातीऐवजी तांब्याची मोठी फिरती कढई. पाक असाच थोडा थोडा, थरावर थर. या गोड बदामांना म्हणतात कॉन्फेत्ती.

तुम्ही म्हणाल, "बाई, कॉन्फेटी म्हणजे वाढदिवसाला उडवतात ते रंगीत कागदाचे तुकडे ना?" तीच तर गंमत आहे. इटलीत त्या कागदी तुकड्यांना कोरिआंदोली म्हणतात आणि या शब्दाचं मूळ आहे धने! पूर्वी तिथे जत्रेत साखरेत घोळवलेले धने एकमेकांवर उधळायचे. पुढे धन्यांच्या जागी कागद आला, नाव मात्र तेच राहिलं. आणि साखरेला इटालियन लोक म्हणतात त्सुक्केरो. आपल्या संस्कृतातली शर्करा इराणात गेली, तिथून अरबांकडे, अरबांकडून इटलीत, आणि वाटेत तिचा त्सुक्केरो झाला. म्हणजे मावशीचा हलवा आणि त्यांची कॉन्फेत्ती लांबचे नातलगच म्हणायचे.

कॉन्फेत्तीच्या रंगालाही अर्थ असतो. लग्नात पांढरी, बाळाच्या बारशाला गुलाबी नाहीतर निळी, लग्नाला पंचवीस वर्षं झाली की चंदेरी, पन्नास झाली की सोनेरी. कॉलेजची पदवी मिळाली की लाल. लग्नात पाहुण्यांना पाच-पाच वाटतात. आरोग्य, संपत्ती, सुख, मुलंबाळं आणि दीर्घायुष्य यांसाठी एकेक. पाचच का? तर पाचाचे दोन सारखे भाग होत नाहीत, तसं या जोडप्याचंही होऊ नये. आपण आहेराच्या पाकिटात पन्नासवर एक रुपया ठेवून एक्कावन्न करतो, त्याची मला आठवण झाली.

वहिनीच्या आजीच्या घरी आम्ही उतरलो. आजीला तिथे नोन्ना म्हणतात. नोन्नाच्या स्वयंपाकघरात एक जुनं तांब्याचं भांडं टांगलेलं होतं, कमरेला बारीक आणि दोन कानांचं. त्याचं नाव कोंका. पूर्वी अब्रुत्सोतल्या बायका ते डोक्यावर घेऊन पाणी आणत आणि मुलीला ते लग्नात देत. मावशीने ते बोटाने वाजवलं आणि डोक्यावर चुंबळ ठेवल्याची खूण केली. नोन्नाने लगेच तशीच खूण केली! झालं, दोघींची गट्टी जमली. एकीला इटालियन येत नाही, दुसरीला मराठी येत नाही, पण दिवसभर बोलणं चालूच. मावशीने संक्रांतीला करून डब्यात जपून आणलेले हलव्याचे दागिने काढले, हार, बांगड्या, बाजूबंद. नोन्ना कितीतरी वेळ ते हातात धरून बसली होती. साखरेची फुलं करणाऱ्या गावातल्या बाईला त्यातले कष्ट सांगावे लागले नाहीत.

लग्नाच्या आदल्या रात्री आणखी एक मजा झाली. तिचं नाव सेरेनाता. नवऱ्याने मित्रांना आणि वाजंत्रीला घेऊन नवरीच्या खिडकीखाली जायचं आणि गाणं म्हणायचं. गाणं आवडलं की नवरी दिवा लावून बाहेर येते. आमचा दादा शाळेत असताना प्रार्थनेतसुद्धा नुसते ओठ हलवायचा. त्या रात्री त्याचा सूर एकीकडे आणि वाजंत्री एकीकडे! अख्खी गल्ली खिडक्यांतून बघत होती. वहिनीने दिवा लावायला मुद्दामच उशीर केला असणार. शेवटी दिवा लागला, टाळ्या पडल्या आणि सगळ्यांना खाऊ मिळाला.

लग्न शनिवारी होतं. तिथे जुनी माणसं मंगळवारी आणि शुक्रवारी लग्न करत नाहीत, प्रवासालाही निघत नाहीत. मंगळवारला ते मार्तेदी म्हणतात, म्हणजे मंगळ ग्रहाचा वार. शुक्रवार म्हणजे वेनेर्दी, शुक्राचा वार. ग्रह तेच, वार तेच, आणि वारांची भीतीसुद्धा तीच!

चर्चमध्ये वहिनी वडिलांचा हात धरून आली. दादा हिंदू, वहिनी कॅथलिक, त्यामुळे चर्चची परवानगी आधीच काढलेली होती. बायबलमधली वाचनं झाली. मग दोघांनी एकमेकांकडे बघून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात वचनं दिली. अंगठ्या घातल्या. लग्नाच्या अंगठीला इटालियनमध्ये फेदे म्हणतात आणि फेदे म्हणजे विश्वास.

मला वाटलं, आता झालं. पण नाही. धर्मगुरूंनी दुसरा एक कागद हातात घेतला. दादाने पाहुण्यांसाठी छोटी पुस्तिका छापून घेतली होती, एका बाजूला इटालियन आणि एका बाजूला इंग्रजी. ती बघत बघत मी मावशीच्या कानात मराठीत सांगत होते. म्हटलं, "मावशी, हे बायबल नाही. हा कायदा आहे."

होय मुलांनो, इटलीत चर्चमधलं लग्न सरकारदरबारी नोंदवायचं असेल, तर धर्मगुरू नवरा-नवरीला देशाच्या कायद्यातली तीन कलमं मोठ्याने वाचून दाखवतात. १४३वं कलम सांगतं की लग्नाने नवरा आणि बायको दोघांना सारखेच हक्क मिळतात आणि दोघांवर सारखीच कर्तव्यं येतात. १४४वं सांगतं की संसार कसा करायचा आणि कुठे राहायचं हे दोघांनी मिळून ठरवायचं. आणि १४७वं कलम आहे चक्क तुमच्याबद्दल! आईवडिलांनी मुलांना सांभाळायचं, शिकवायचं, वाढवायचं, मनाचा आधार द्यायचा. आणि हे सगळं करताना मुलांची कुवत, त्यांचा नैसर्गिक कल आणि त्यांच्या आकांक्षा यांचा मान ठेवायचा. (पालकांनो, हे वाक्य परत एकदा वाचा आणि मगच शेजारच्या मुलाचे मार्क विचारा.)

मूल अजून जन्माला आलेलं नाही, आणि त्याच्या आवडीनिवडी जपण्याची कबुली लग्नातच! मी शिक्षिका असून मला हे कुणी असं वाचून दाखवलं नव्हतं.

मग सह्या झाल्या. दोघांच्या आणि साक्षीदारांच्या. वहिनीने सही केली ती तिच्या जन्माच्या आडनावाने.

मावशीने ते पाहिलं. "हिचं आडनाव बदलत नाही?"

"कागदोपत्री नाही," मी म्हटलं. इटलीत लग्नानंतरही बाईच्या ओळखपत्रावर आणि पासपोर्टवर जन्माचंच आडनाव राहतं. नवऱ्याचं आडनाव ती आपल्या आडनावाला जोडू शकते, पण आपलं पुसून टाकावं लागत नाही.

बाहेर पडताना नोन्ना वहिनीच्या आईला काहीतरी सांगत होती. मी त्याचा अर्थ विचारला. ती म्हणाली होती, "माझ्या लग्नात वाचलेला कायदा हा नव्हता." नोन्नाचं लग्न १९६४ सालचं. तेव्हाच्या कायद्यात लिहिलेलं होतं की नवरा हा कुटुंबाचा प्रमुख, बायकोने त्याचं आडनाव घ्यायचं आणि तो जिथे घर करील तिथे त्याच्यामागे जायचं. हा कायदा १९७५ साली बदलला. तरीसुद्धा मुलांना वडिलांचंच आडनाव आपोआप लागायचं. २०२२ साली तिथल्या घटना न्यायालयाने तेही चुकीचं ठरवलं. आता आईवडिलांनी वेगळं काही ठरवलं नाही तर बाळाला दोघांचीही आडनावं मिळतात. म्हणजे बघा, तिथेही हे सगळं पहिल्यापासून नव्हतं. एकेक करून बदलत गेलं.

मी नोन्नाचं बोलणं मावशीला सांगितलं. ती काहीच बोलली नाही.

चर्चच्या पायऱ्यांवर सगळे हातात तांदूळ घेऊन उभे होते. नवरा-नवरी दारात आली आणि "व्हीवा ल्यी स्पोझी" असा एकच गलका झाला. म्हणजे नवरा-नवरी चिरायू होवोत! वरून तांदळाचा पाऊस. मावशीचा चेहरा उजळला. "अक्षता!" असं म्हणत तिने सगळ्यांत मोठी मूठ उधळली. उधळून झाल्यावर एक उरलेली पुडी मात्र तिने हळूच पर्समध्ये टाकली. मी पाहिलं.

जेवायला आम्ही दुपारी दीडला बसलो ते उठलो संध्याकाळी सहाला! एक पदार्थ झाला की दुसरा, दुसरा झाला की तिसरा. मला त्यातल्या शेवया आवडल्या. लाकडी चौकटीला सतारीसारख्या तारा ताणलेल्या असतात. त्यावर पिठाची पोळी ठेवून वरून लाटणं दाबून फिरवलं की खाली शेवया पडतात. या चौकटीला कितार्रा, म्हणजे गिटार, असंच म्हणतात. मध्येच मित्रांनी दादाचा टाय कात्रीने कापला आणि त्याचे तुकडे पाहुण्यांना विकून नव्या जोडप्यासाठी पैसे गोळा केले. मावशीनेही एक तुकडा घेतला, घासाघीस करून!

रात्री आम्ही नोन्नाच्या घरी परतलो. मावशीने खुणेने एक ताट मागितलं. पर्समधली पुडी काढून तांदूळ ताटात पसरले. बोटातली अंगठी काढून दादाच्या हातात दिली. माझ्या छातीत धडधडायला लागलं.

दादाने विचारलं, "आई, काय लिहू?"

मावशीने वहिनीकडे पाहिलं. मग नोन्नाकडे पाहिलं.

"तिचं नाव लिही," ती म्हणाली. "तिचं आहे तेच. फक्त आपल्या अक्षरात लिही, म्हणजे मला वाचता येईल."

दादाने लिहिलं. मी सवयीने बोलून गेले, "वेलांटी दुसरी!" सगळे हसले. त्याने तांदूळ सारखे करून परत लिहिलं. मावशीने एकेक अक्षर लावत ते मोठ्याने वाचलं आणि मग त्याच नावाने सुनेला हाक मारली. पहिल्यांदाच.

वहिनीला थोडंफार मराठी येतं. तिने ताट मावशीपुढे सरकवलं आणि म्हणाली, "आता तुमचं."

मावशीने अंगठी हातात घेतली. खूप हळूहळू लिहिलं. ते पासपोर्टवरचं नाव नव्हतं.

मुलांनो, माझंही नाव लग्नात बदललं. डी.एड.च्या प्रमाणपत्रावर एक नाव आणि शाळेच्या हजेरीपटावर दुसरं. कुठेही अर्ज करायचा म्हटला की नाव बदलल्याच्या राजपत्राची प्रत जोडावी लागते. लग्नानंतर बाईने नाव बदललंच पाहिजे असा आपल्याकडे कायदा नाही, तो रिवाज आहे. माझी त्याबद्दल तक्रार नाही, नवं नाव मी आवडीने वापरते. पण ते बदलायचं का, हे मला कुणी विचारलं नव्हतं, आणि आपल्याला विचारायला हवं होतं हे मलाही तेव्हा सुचलं नव्हतं. ते सुचलं त्या ताटासमोर बसल्यावर. कुणाला नाव बदलावंसं वाटलं तर खुशाल बदलावं. मात्र आधी ज्याचं नाव त्याला विचारावं, एवढंच माझं म्हणणं.

तर या आठवड्याचा अभ्यास असा. घरी गेलात की आजीजवळ बसा आणि तिला विचारा, "आजी, तुझं लग्नाआधीचं नाव काय होतं?" दोन आज्या असतील तर दोघींना विचारा. आईलाही विचारा. पणजी असेल तर तुमच्यासारखं भाग्यवान कुणी नाही. नाव कुणी ठेवलं, कशावरून ठेवलं आणि त्या नावाने हाक मारणारं आता कुणी आहे का, तेही विचारा. वहीच्या शेवटच्या पानावर शुद्धलेखन सांभाळून सगळं लिहून ठेवा. लिहिताना वेलांटी चुकली तर आजीच सांगेल.

गोष्ट संपली तेव्हा आमच्या वर्गात सगळे चिडीचूप होते. मग मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, तुमचं आधीचं नाव काय होतं?"

मी फळ्याकडे वळले. खडू हातात घेतल्यावर पहिलं अक्षर काढायला मला जरा वेळच लागला.

तुमच्या
बाई